पंगतीच्या मापाचं ग्रंथालय

तोगरनाळच्या उमादेवीला किळस फार लवकर येते, ही गावातली जुनी चेष्टा आहे. कुणी बोटाला थुंकी लावून वर्तमानपत्राचं पान उलटलं, की ती तोंड फिरवते. कुणी खूण म्हणून तंबाखूची रिकामी पुडी घालून पुस्तक परत केलं, तर ते चिमटीत धरून ती उन्हात नेते, झटकते, फडक्यानं पुसते आणि मग साबण लावून हात धुते. उमाक्काकडं पुस्तक द्यायला जाताना आधी आंघोळ करून जा, असं माणसं एकमेकांना सांगतात आणि दात काढतात. तिला ते ऐकू जातं. त्या दातांवरचा गुटख्याचा लाल थरही दिसतो, आणि पुन्हा किळस येते.

खरं सांगायचं तर तोगरनाळात राहून ज्याला किळस येत नाही, त्यानंच आपलं नाक कुणाला तरी दाखवून घ्यावं. गाव सीमाभागातल्या भालकी तालुक्यातलं, उसाचं आणि तुरीचं. पैसा बरा आहे. घरांवर मजले चढलेत, दारोदार ट्रॅक्टर उभे आहेत, देवळाला नवा रंग आहे. आणि वाचनालय म्हणजे पंचायतीच्या ऑफिसला मागून चिकटवलेली एक खोली. ऑफिसात कामाला आलेली पुरुष मंडळी जाता-येता त्या खोलीच्या मागच्या भिंतीवर लघवी उरकून जातात. भिंत बाहेरून पिवळी पडलेली आणि आतून कायम ओली. कपाटं भिंतीला लावली तर पुस्तकांना बुरशी चढते, म्हणून ती खोलीच्या मधोमध ओढलेली, आणि वाचणारे कडेकडेनं अंग चोरून. उमादेवीनं मागच्या भिंतीवर देवांची चित्रं असलेल्या फरशा बसवून घेतल्या. थोडे दिवस लोकांनी देवांचा मान राखला. मग देवांचीही सवय झाली.

नवरा गेल्यावर काही वर्षं तिनं शिवणकाम केलं आणि मग ही ग्रंथपालाची जागा मिळाली. घर लिंगायतांचं, व्यापाऱ्यांचं. कन्नड आणि मराठी दोन्ही भाषा तिथं एकाच चुलीवर शिजतात. सरकारकडून येतात ती पुस्तकं कन्नड. मराठी पुस्तकं ती उदगीरच्या रद्दीवाल्याकडून पिशवी भरभरून आणते, जुन्या कॅलेंडरची कव्हरं घालते आणि कपाटात लावते. सकाळी इष्टलिंगाची पूजा, बसवण्णांचं एक वचन, आणि मग वाचनालयाचं कुलूप, हा तिचा क्रम. त्यात खंड नाही.

तिच्या वाचकांची गोष्ट मात्र सांगण्यासारखी नाही. रोज येणारे सगळे बाप्ये. एक जण पाय खुर्चीवर घेऊन पेपर मोठ्यानं वाचणार, बाकीचे त्यावर राजकारण करणार, आणि दारात एखादी मुलगी आली की सगळे एकदम गप्प होऊन तिच्याकडं बघणार. त्या गप्प होण्याची किळस तर तिला तंबाखूच्या पुडीहून जास्त यायची. मुली आत यायच्याच नाहीत. खिडकीशी उभ्या राहायच्या, गजातून हात घालून पुस्तक घ्यायच्या आणि निघून जायच्या. वाचायचं कुठं, तर घरात भांडी घासून झाल्यावर, भावाचा टीव्ही चालू असताना.

एकदा प्रशिक्षणासाठी आळंदकडं गेली असताना ग्रंथपालांना कडगंचीचं विद्यापीठ दाखवायला नेलं होतं. तिथल्या ग्रंथालयात उमादेवीनं एक मुलगी पाहिली. टेबलावर पुस्तक उघडं, त्यावर डोकं टेकलेलं, चपला खाली निघालेल्या, एका पायावर दुसरा पाय, आणि मुलगी गाढ झोपलेली. शेजारून माणसं जात-येत होती. कुणी थांबत नव्हतं, कुणी बघत नव्हतं. थांबून बघत होती ती एकटी उमादेवी. नंतर तिचं तिलाच वाईट वाटलं आणि ती पुढं सरकली. पण गावी परतल्यापासून तिला एकच गोष्ट हवी होती. जिथं एखादी मुलगी पुस्तकावर डोकं ठेवून बिनघोर झोपू शकेल, अशी जागा तोगरनाळमध्ये व्हावी. बाकी काही मागणं नव्हतं तिचं.

आणि गेल्या वर्षी खरंच गावाला नवीन ग्रंथालय मंजूर झालं. जागा कुठली आणि इमारत केवढी, हे गावानं ग्रामसभेत ठरवून कळवायचं होतं.

जागा उमादेवीच्या डोक्यात केव्हाची पक्की होती. गाव आणि दलितांचं भीमनगर यांच्या मधोमध, शाळेच्या रस्त्याला, गायरानाचा एक तुकडा आहे. शाळा समोरच, त्यामुळं मुलींना तिकडं जाताना घरी वेगळं कारण सांगावं लागणार नव्हतं. तिनं शाळेच्या शिपायाकडून मैदान आखायचा चुना मागून घेतला आणि एका दुपारी त्या जमिनीवर आख्खं ग्रंथालय आखून काढलं. वाचनाची मोठी खोली, उत्तरेकडं खिडक्या, लहान पोरांचा कोपरा, मुलींची वेगळी खोली आणि तिला जोडून संडास. टेबलं किती रुंद असावीत हे बघायला तिनं शाळेतल्या मुलींना त्या रेघांत समोरासमोर बसवलं आणि कोपराला कोपर लागतो का ते विचारलं. मुली खिदळत होत्या. एक जण आखलेल्या दारातूनच आत-बाहेर करत होती, भिंत ओलांडायला तयार नव्हती. त्या दिवशी उमादेवी घरी आली ती गुणगुणत, आणि ही गोष्ट शेजारणीनं दुसऱ्या दिवशी गावभर केली, कारण उमाक्काचं गुणगुणणं कुणी ऐकलेलं नव्हतं.

आता रेवणप्पा. हा तिचा धाकटा दीर. पंचायतीची अध्यक्ष त्याची बायको भागम्मा, म्हणजे कागदावर. सह्या भागम्मा करते आणि बाकी सगळं रेवणप्पा करतो, आणि यात काही चुकतंय असं त्या घरात कुणालाच वाटत नाही. रेवणप्पा वाईट माणूस नाही, हीच खरी पंचाईत. वाईट असता तर त्याला शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. तो लोकांच्या अडीअडचणीला धावतो, कुणाच्या मयतीला सगळ्यात आधी पोचतो, वचनं तोंडपाठ म्हणतो. तर इंजिनिअर जागा बघायला भालकीहून आला त्या दिवशी रेवणप्पानं त्याला गायरानाकडं नेलंच नाही. सरळ बसवण्णाच्या देवळामागच्या मोकळ्या जागेत नेलं. उमादेवीला निरोप नव्हता. ती ऐकून धावत गेली तेव्हा तिथं जे चाललं होतं ते बघून तिला आधी काही कळेच ना.

गावातले प्रतिष्ठित बाप्ये मांडी घालून जमिनीवर रांगेत बसले होते. समोर दुसरी रांग, तीही मांडी घालून. तानाजी आचारी, जो गावातल्या सगळ्या लग्नांचा स्वयंपाक करतो, दोन रांगांच्या मधून वाकून चालत होता, हातात रिकामी बादली. तो वळला की बादली कुणाच्या तरी गुडघ्याला लागायची, मग रेवणप्पा रांगेला मागं सरकायला सांगायचा. सुनीलकुमार नावाचा तो तरुण इंजिनिअर टेप धरून उभा होता आणि जिथं रांग थांबेल तिथं खडूनं खूण करत होता.

ग्रंथालयाचं माप घेणं चाललं होतं. पंगतीवरून.

एका वेळी केवढी पंगत बसली म्हणजे लग्न आटपतं, वाढप्याला वळायला किती वाट लागते, आमटीची कढई कुठून आत येणार, असा सगळा विचार झालेला होता. उत्तरेकडं खिडकी नको, तिकडून वारा येऊन पत्रावळ्या उडतात. पुस्तकांची कपाटं भिंतीत, माणसाच्या डोक्याच्या वर, म्हणजे बसणाऱ्याच्या पाठीला टोचणार नाहीत. मागं भांड्यांची खोली. आणि मुलींची खोली म्हणून जी मागणी उमादेवीनं लेखी दिली होती, ती रेवणप्पानं मोठ्या मनानं मान्य केली होती, कारण लग्नात नवरी नटवायला खोली लागतेच.

ती बोलायला लागली तेव्हा रांगेतली माणसं उठलीसुद्धा नाहीत. मांडी तशीच घालून तिच्याकडं वर बघत राहिली, जशी वाढप कधी येतंय म्हणून बघतात. सरकार पैसा ग्रंथालयाला देतंय, मंगल कार्यालयाला नाही, हे तिनं सांगितलं. त्यावर रेवणप्पा म्हणाला की कार्यालयाला सरकार पैसा देईना म्हणूनच तर हे करावं लागतंय. गोरगरिबाला भालकीच्या हॉलचं भाडं झेपत नाही, उन्हात मांडव घालावा लागतो, मागच्या वर्षी कुणाच्या तरी लग्नात म्हातारी चक्कर येऊन पडली. बोर्ड ग्रंथालयाचाच लागेल. पुस्तकंही राहतील. लग्न नसेल त्या दिवशी वाचावं की खुशाल.

"वैनी, पुस्तकं काय कुठं पळून जायलेत?" तो म्हणाला. "लग्नाची तिथ मात्र थांबत न्हाई बगा."

माणसं हसली. तानाजीनं बादली खाली ठेवली. सुनीलकुमारनं मान खाली घातली आणि टेप गुंडाळली, कारण त्यालाही नोकरी होती. उमादेवीला वाटलं, हे आत्ता इथंच ओकारी येणार. लिंगायत आळीच्या देवळामागं, आळीच्याच माणसांनी, आळीच्या पंगतीला पुरेल एवढं ग्रंथालय कापून काढलं होतं. भीमनगरची मुलगी या आळीत पुस्तक घ्यायला येईल का, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि विचारला नव्हता कारण उत्तर सगळ्यांना सोयीचं होतं.

इथं जत्रेतल्या दासोहाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. तोगरनाळात जत्रेला सगळ्या गावाला जेवण असतं आणि गावाला त्याचा फार अभिमान. जातपात बसवण्णांनी कधीच मोडून टाकली, असं माईकवरून सांगितलं जातं. आणि खाली भीमनगरची पंगत बैलगाड्या सुटतात त्या अंगाला, सगळ्यात शेवटी बसते. तिकडं बसा असं त्यांना कुणी सांगत नाही. कुणी सांगितलं, असं कुणी सिद्धही करू शकणार नाही. त्यांची ते बसतात, असं गाव म्हणतं. या "त्यांची ते बसतात"मध्ये जेवढी घाण आहे, तेवढी वाचनालयाच्या मागच्या भिंतीवरही नाही. हे उमादेवीला कळायचं. घरात जावेसमोर ती हे बोललीही होती. जत्रेत मात्र आपल्या आळीच्या पंगतीला बसून जेवून उठली होती, दरवर्षी.

त्या रविवारी नेहमीप्रमाणे पुस्तकांची पिशवी घेऊन ती भीमनगरात गेली. भीमनगरच्या मुलींना पुस्तकं पोचवायचं काम ती बऱ्याच वर्षांपासून करते आणि त्याबद्दल आळीत तिला थोडं खुळं समजतात. विमलबाई दारात सुपात तूर पाखडत बसली होती. विमलबाई स्वतःची थोडी जमीन कसते आणि पंचायतीत भीमनगरची मेंबर आहे. तिच्या सह्या तीच करते. तिची मुलगी प्रियंका पीडीओच्या, म्हणजे पंचायतीवरच्या सरकारी अधिकाऱ्याच्या, परीक्षेचा अभ्यास करते. घर एका खोलीचं, म्हणून ती शाळेच्या व्हरांड्यात जाऊन बसते आणि शिपायानं उठवलं की परत येते.

उमादेवीनं सगळं सांगितलं. मांडी घालून बसलेले बाप्ये, तानाजीची बादली, डोक्यावरची कपाटं, नवरीची खोली. सांगताना तिचा आवाज चढला, घसा कोरडा पडला, तेव्हा तिनं पिशवीतून आपली बाटली काढली आणि पाणी प्यायली. ती कुठंही बाटली घेऊनच जाते, त्यामुळं भीमनगरात त्याचं कुणी मनाला लावून घेत नाही. निदान कुणी बोलून दाखवलं नव्हतं. विमलबाई पाखडत राहिली. मध्ये फक्त एवढंच विचारलं की हा हॉल देवळाचा म्हणून सांगतायत की गावाचा म्हणून. गावाचा म्हणून, उमादेवी म्हणाली. सगळ्या गावाचा? व्हय, तसंच बोलायलेत. विमलबाईनं सुपातला खडा उचलून बाहेर टाकला आणि म्हणाली, बघू.

त्या थंडपणाचा उमादेवीला राग आला. आपण यांच्या मुलींसाठी जिवाचं रान करायचं आणि यांनी खडे निवडत बसायचं. घरी जाताना वाटेत गायरानावर तिनं आखलेला चुना अजून थोडा दिसत होता, त्यावर कुणाच्या तरी म्हशी बसल्या होत्या. तिनं त्यांना हाकललं नाही.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. तालुक्याहून एक अधिकारी बाई आल्या होत्या, नव्या, दुसऱ्या जिल्ह्यातल्या, गावाची काही माहिती नसलेल्या. पीडीओनं ठराव वाचला. देवळामागची जागा, हॉलचं माप. भागम्मा खुर्चीवर बसून होती आणि रेवणप्पा तिच्या वतीनं उभा राहून बोलला. फार चांगला बोलला. ग्रंथालय म्हणजे ज्ञानाचं मंदिर, मंदिरात मंगल कार्यही झालं पाहिजे, ही इमारत एका जातीची नाही, एका आळीची नाही, आख्ख्या तोगरनाळची आहे, ज्याच्या घरी कार्य त्याच्यासाठी दार उघडं. टाळ्या झाल्या. उमादेवी बायकांत बसली होती. तिनं उठून विरोध केला, गायरानाची जागा सुचवली, पण टाळ्यांनंतरचं बोलणं कोण ऐकतं. पुरुषांतून कुणीतरी, बसा की अक्का, असं प्रेमानं म्हणालं आणि ती बसली.

मग विमलबाई उठली. इस्त्रीचं निळं लुगडं, डोक्यावर पदर नाही. तिनं अध्यक्षांचे आणि रेवणप्पाचे आभार मानले. आपला या जागेला आणि या मापाला पाठिंबा आहे, असं म्हणाली.

"सगळ्या गावाचं मनलात, लई बरं वाटलं, अण्णा," विमलबाई म्हणाली. "प्रियंकाचं लग्न काढायलो आमी उन्हाळ्यात. तवर हॉल झालेला असतंय. पयली पंगत आमच्या घरची लिवून घ्या ठरावात. आणि आमची येगळी नको. एकाच पंगतीत, एक माणूस तुमच्या आळीचा, त्याच्या शेजारी एक आमचा. गाव सगळं येऊ द्या जेवायला."

अधिकारी बाईंचा चेहरा उजळला. किती सुंदर कल्पना, म्हणाल्या, आणि पीडीओला ठरावात तसं लिहायला सांगितलं. जिल्ह्याला फोटोसकट कळवू, असंही म्हणाल्या.

पीडीओचं पेन थांबलं होतं आणि तो रेवणप्पाकडं बघत होता. रेवणप्पा समोरच्या झाडाकडं बघत होता. पंगतीचं माप द्यायला मांडी घालून बसलेले सगळे बाप्ये तिथं होते, आणि आता एकालाही नेमकी आपली चप्पल सापडत नव्हती, वाकून वाकून शोधत होते. याच वेळी उमादेवीनं बोलायला हवं होतं. मी बसते तुमच्या शेजारी, एवढे चार शब्द. ते तिच्या तोंडापर्यंत आले. समोर खुर्चीवर जाऊ होती, बाजूला माहेरच्या नात्यातल्या बायका होत्या, त्यातली एक आधीच मान वळवून उमादेवीच्या तोंडाकडं बघत होती. शब्द तोंडातच राहिले. विमलबाईची नजर सभेवरून फिरत आली, तिच्यावरूनही गेली आणि पुढं गेली.

मग एकेक अडचण उठायला लागली. देवळामागच्या जागेत म्हणे पाणी साचतं. कुणाला आठवलं की ती जागा देवळाच्या दोन घराण्यांत वादाची आहे. सुनीलकुमारला विचारल्यावर त्यानं जमीन काळी असल्याचं आणि पाया फार खोल न्यावा लागेल असं सांगितलं, जे त्याला माप घेताना दिसलं नव्हतं. एका म्हाताऱ्यानं तर देवळाच्या इतक्या जवळ गडबड नको, मुलांचा अभ्यास कसा होणार, अशी काळजी काढली. हा म्हातारा पंगतीच्या पहिल्या रांगेत पहिला बसला होता. उमादेवीला आता ओकारी आली नाही. अंगावरून पाल गेल्यासारखं मात्र झालं, आणि ते झटकताही येईना.

शेवटी रेवणप्पाच उठला. गायरानाची जागा बरी, म्हणाला. शाळेच्या समोर, रस्त्याला लागून, उमावैनींनी आधीच नीट आखून दाखवलेली आहे. आणि ग्रंथालय हे ग्रंथालयच असावं, त्यात इतर कामं नकोतच. वाचनाची टेबलं मोठी करा. आणि टेबलं सुटी नकोत, खाली फरशीत पक्की बसवा, सिमेंट घालून. म्हणजे ती कधी कुणाला उचलता येणार नाहीत.

टेबलं पक्की. म्हणजे त्या इमारतीत कधी कुणाची पंगत बसू शकणार नाही, पन्नास वर्षांनी एखाद्याला शहाणपण सुचलं तरी. एकानं अनुमोदन दिलं. हात वर झाले. आळीचे सगळे, भीमनगरचे सगळे, बायका, बाप्ये, भागम्मा. अधिकारी बाई थोड्या गोंधळल्या, त्यांची पंगतीची कल्पना मधल्या मध्ये कुठं गेली हे त्यांना समजलं नाही, पण एकमतानं ठराव झाला म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. उमादेवीनंही हात वर केला. करणार काय. तिला हवी होती तीच जागा, तेवढंच माप, उत्तरेच्या खिडक्या, मुलींची खोली, सगळं अगदी तिनं आखलं तसं तिला मिळालं होतं. सभेनंतर रेवणप्पानं जवळ येऊन सांगितलंही, वैनी, झालं की न्हाई तुमच्या मनासारखं. त्याच्या तोंडावर सुटल्याचा आनंद होता. तिनं त्याच्याकडं न बघता पदर सावरला आणि चालू लागली.

त्या रात्री तिनं जेवण टाळलं, जावेनं पाठवलेली आमटी तशीच झाकून ठेवली. लोकांनी हातातला हॉल सोडला होता. गोरगरिबांची लग्नं, उन्हात चक्कर येऊन पडलेली म्हातारी, सगळं सोडलं होतं, पण एक दिवस शेजारी बसून जेवायला तयार झाले नव्हते. आणि या घाणीवर तिचं ग्रंथालय उभं राहणार होतं. तिथं झोपणाऱ्या मुलीला कुणी बघणार नव्हतं हे खरं, पण ती जागा तिच्या वाट्याला कशानं आली हे उमादेवीला कायम माहीत असणार होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गायरानाजवळ विमलबाई भेटली. डोक्यावर वैरणीचा भारा होता. तो उतरवून ती थांबली. उमादेवीनं आधी विचारलं ते लग्नाचं, मुलगा कुठला.

"कुठलं लग्न?" विमलबाई म्हणाली. "ती परीक्षा द्यायलीय. एवढ्यात कामून लग्न?"

मग उमादेवीनं आपल्या मनातलं सगळं काढलं. मला किळस आली विमलबाई, म्हणाली, त्या सगळ्यांची. चपला शोधायलेले बघून मला तिथंच मरून जावंसं वाटलं.

"तुमाला काल आली व्हय," विमलबाई म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, ती नुसतं समजून घेत होती. "आमी किळस करत बसलो असतो, तर जागा देवळामागं गेली असती, अक्का. पंगत मनलं की हे उठतेत, एवढं मला ठाऊक होतं. तेवढ्यावरच केलं."

उमादेवीनं खाली बघितलं. आता तरी सांगून टाकावं असं तिला वाटलं.

"मी बोलायला पायजे होतं. मी शेजारी बसते मनायला पायजे होतं. गप बसले मी."

विमलबाईनं भाऱ्याची गाठ आवळली. "बरं झालं गप बसलात," ती म्हणाली. "तुमी एकल्या जरी हो मनला असता, तर तुमच्यामागं अजून दोघी उठल्या असत्या, बाईंनी ठरावात लिवलं असतं, आणि हॉल तिथंच झाला असता. पंगत एक दिवस झाली असती, फोटो निघाला असता, आणि पोरींना वाचायला जागा न्हाईच. तुमी गप बसणार हे धरूनच उठले होते मी."

ती हे अगदी सहज बोलली, पावसाचा अंदाज बांधून पेरणी केल्याचं सांगावं तसं. इतक्या वर्षांच्या पुस्तकांच्या पिशव्या, दर रविवारच्या फेऱ्या, आणि भीमनगरात आपला हिशेब कुठल्या बाजूला मांडलेला आहे ते उमादेवीला आज कळत होतं. चूक काढायला त्यात जागा नव्हती. तिला आपल्या हातांकडं बघवेना.

विमलबाईनं भारा उचलायला हात लावा म्हणून खूण केली. उमादेवीनं तो दोन्ही हातांनी धरून तिच्या डोक्यावर चढवला. दोन पावलं गेल्यावर विमलबाई वळली, भाऱ्याखालून.

"त्या इंजिनिअरला एक सांगा," ती म्हणाली. "पोरींच्या खोलीला कडी आतून लाव मनावं."